पहिल्या धड्याचे मोल

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी संध्याकाळच्या वेळी एखाद्या आळीतून जाताना पेटीचे सूर आणि त्यांच्या मागोमाग आठ-दहा मुलांनी एका आवाजात म्हटलेले अलंकार कानांवर पडतात. पुढ्यात वही, वहीत स्वरांची अक्षरे, अक्षरांखाली मात्रांच्या व टाळी-खालीच्या खुणा, ठरलेल्या वारी ठरलेला तास, महिन्याच्या महिन्याला फी आणि वर्षअखेर परीक्षा, असा हा सारा व्यवहार असतो. तो इतका अंगवळणी पडला आहे की, संगीत पूर्वापार असेच शिकवले जात असावे अशी पालकांची, आणि पुष्कळदा शिक्षकांचीही समजूत असते. वस्तुतः हा प्रघात सव्वाशे वर्षांहून फारसा जुना नाही. तो ज्यांच्या हातून देशभर रुजला, त्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे नाव संगीतसभांच्या मंचावरील तसबिरीखाली आजही वाचायला मिळते; परंतु त्यांनी नेमके काय केले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजली, याचा विचार तसबिरीला हार घालताना क्वचितच होतो.

पलुसकर थोर गवई होते, हे खरे. तथापि त्यांच्या काळात त्यांच्या तोलाचे, आणि काहींच्या मते त्यांच्याहून सरस गवई होतेच. त्यांचे वेगळेपण निराळ्या ठिकाणी आहे. ज्याला अद्याप काहीच येत नाही, ज्याच्या घराण्यात कोणी गाइलेले नाही, ज्याचा गळा तयार होईल की नाही हे ठाऊक नाही, अशा माणसाला शिकवणे हे गवयाचे काम आहे काय? असेल तर त्याची पद्धत कोणती? आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा? हे तीन प्रश्न त्यांनी उघड्यावर आणले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांना बऱ्याच अंशी सापडली. तिसऱ्याने त्यांना कर्जात बुडवले.

कुरुंदवाड ते मिरज

विष्णू दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी पटवर्धनांच्या कुरुंदवाड संस्थानात झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. घरात सूर होता, पण तो दरबारी गवयाचा नव्हता. देवळाच्या सभामंडपात जमलेल्या लहानथोरांना, स्त्रीपुरुषांना उद्देशून लावलेला तो सूर होता. दरबारातील गवयाला जाणकार धनी मिळतो. कीर्तनकाराला श्रोते निवडता येत नाहीत. समोर जो येऊन बसेल त्याला समजेल, त्याला गुंतवून ठेवील, असे गाणे त्याला गावे लागते. पुढे पलुसकरांनी संगीताचा जो प्रपंच मांडला, त्याच्या मुळाशी लहानपणीचा हा संस्कार असावा असे मानायला जागा आहे.

बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका उडाल्यामुळे त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. उपचारांसाठी त्यांना जवळच्या मिरज संस्थानात नेण्यात आले. दृष्टी अधू झाल्याने शालेय शिक्षणाचा आणि त्याबरोबरच कारकुनीचा वा शास्त्र्याच्या व्यवसायाचा मार्ग बंद झाला. राहिला तो गळा. तेथील डॉक्टर भडभडे यांच्या सल्ल्याने आणि मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने हा मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हवाली झाला.

बाळकृष्णबुवा हे त्या काळातील फार मोठे नाव. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींच्या घरी राहून त्यांनी ख्यालगायकी मिळवली आणि ती महाराष्ट्रात आणून रुजवली. आजच्या महाराष्ट्रातील ख्यालगायनाच्या अनेक शाखांचा उगम शोधत गेल्यास वाट त्यांच्यापाशी पोचते. अशा गुरूपाशी विष्णू दिगंबर सुमारे बारा वर्षे शिकले. ती तालीम कडक होती. पहाटेपासून खर्जाची मेहनत, तेच पलटे शेकडो वेळा, तीच चीज महिनोन्‌महिने, आणि गुरूच्या मर्जीनुसार मिळेल तेव्हा मिळेल तेवढी विद्या, हा सर्वत्रच रिवाज होता.

सेवेच्या रूपाने दिलेली फी

या जुन्या पद्धतीकडे आज दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. एका पक्षाला ती सुवर्णयुगातील पवित्र गुरुकुलप्रथा वाटते. दुसऱ्याला ती निव्वळ पिळवणूक वाटते. दोन्ही पक्ष तिचा हिशेब पुरता मांडत नाहीत. शिष्य गुरूला मासिक फी देत नसे. पण म्हणून विद्या फुकट मिळत असे असे मुळीच नव्हे. पाणी भरणे, बाजारहाट करणे, घर झाडणे, गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसणे, या रूपाने तो वर्षानुवर्षे किंमत मोजत असे. ज्याच्या घरी एका कमावत्या माणसाची दहा वर्षे अशी बाजूला काढून ठेवण्याची ऐपत नसे, त्याला ही विद्या परवडत नसे. मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नसे. कलावंतिणींच्या घराण्याबाहेरच्या मुलीने गाणे शिकावे, ही कल्पनाच त्या समाजाला असह्य होती.

गुरूच्या बाजूनेही या व्यवहाराला तर्क होता. चीजा आणि राग ही त्याची एकमेव इस्टेट. ती कागदावर उतरली, चार जणांच्या तोंडी गेली, की तिची किंमत उतरली. म्हणून ती जपून, निवडून, बहुधा मुलाला किंवा जावयाला द्यायची. नवशिक्यावर वेळ घालवण्यात त्याला लाभ नव्हता. पहिली काही वर्षे शिष्याची चिकाटी अजमावण्यात जात. गाळून गाळून जे उरत, त्यांतूनच मोठे गवई निपजत. या पद्धतीने थोर कलावंत दिले, हे निर्विवाद आहे. मात्र जे गाळले गेले त्यांची नोंद कोणत्याही घराण्याने ठेवलेली नाही. त्यांच्यापैकी किती जणांना गळा नव्हता, आणि किती जणांना केवळ सवड नव्हती, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

आश्रयाचा त्याग

१८९६ मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. गुरुशिष्यांच्या संबंधांत ताण आला होता. त्याच सुमाराची एक हकीगत नेहमी सांगितली जाते. एका समारंभाचे आमंत्रण पलुसकरांना आले, पण त्यांच्या गुरूला आले नाही. आणि कारण विचारता, ते तर गवई, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. स्वतःला आलेले आमंत्रण राजाश्रयामुळे होते, कलेमुळे नव्हे, हे त्या तरुणाच्या ध्यानात आले. हकीगत तपशिलात अशीच घडली असो वा नसो, तिने वर्णिलेली स्थिती खरी होती. गाणे ऐकायला सर्वांना हवे होते. गाणाऱ्याला पंगतीत बसवायला कोणी तयार नव्हते.

मिरजेहून निघाल्यावर बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा त्यांचा प्रवास झाला. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली होती आणि स्वरलिपीचे प्रयोगही केले होते. तेव्हा शाळा काढण्याची किंवा गाणे लिहिण्याची कल्पना सर्वस्वी पलुसकरांचीच, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु बडोद्याची शाळा राजाच्या खजिन्यावर चालत होती. पलुसकरांची ओढ वेगळ्या दिशेची होती. काठेवाडात त्यांनी अल्प दराचे तिकीट लावून जाहीर मैफल केली. राजवाड्याच्या वा देवळाच्या बाहेर, कोणाही नागरिकाने चार पैसे देऊन गाणे ऐकावे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. एका धन्याच्या मर्जीऐवजी अनेकांच्या लहान लहान वर्गणीवर कलावंताने उभे राहावे, हा विचार त्यामागे होता. त्या विचाराची परीक्षा पुढील अडीच दशके चालू राहिली.

मथुरेच्या मुक्कामात त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला. बहुतेक चीजांचे शब्द त्या भाषेतले. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या त्या शब्दांचा अर्थ पुष्कळ गवयांना ठाऊक नसे, आणि उच्चार तर पार बिघडलेले असत. ज्याला स्वतःलाच गायचे आहे त्याचे अर्थावाचून अडत नाही. ज्याला शिकवायचे आहे त्याला अर्थ सांगावा लागतो. पलुसकरांची पावले कोणत्या दिशेने पडत होती, हे या एका गोष्टीवरूनही दिसते.

लाहोरचे विद्यालय

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. ज्या शहराशी पलुसकरांचे ना भाषेचे नाते, ना नात्यागोत्याचे, तेथे एका मराठी तरुणाने संगीताची शाळा काढावी आणि ती कोणा संस्थानिकाच्या नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर, विद्यार्थ्यांच्या फीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर चालवावी, हे साहस लहान नव्हते. पंजाबात त्या वेळी शिक्षणाची व समाजसुधारणेची मोठी चळवळ होती. वकील, शिक्षक, सरकारी नोकर असा नवा मध्यमवर्ग तयार झाला होता. त्याला आपल्या मुलांना गाणे शिकवायचे होते. पण ती बैठकीच्या वातावरणात जाऊ नयेत, अशीही त्याची इच्छा होती. पलुसकरांनी या वर्गाला हवी होती ती हमी दिली. शाळेला वेळापत्रक होते, हजेरी होती, प्रार्थना होती, शिस्त होती. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग होते. गाण्याच्या जागेला शाळेची प्रतिष्ठा आली आणि शिकवणाऱ्याला पंडित हे संबोधन मिळाले.

शिकवण्याच्या पद्धतीत त्यांनी केलेला बदल याहून महत्त्वाचा आहे. जुन्या तालमीत शिष्य पहिल्या दिवसापासून गुरूच्या पूर्ण गाण्यासमोर उभा असे. समुद्राच्या काठी उभे राहून तो जे वेचता येईल ते वेची. पलुसकरांनी त्या समुद्राचे पाट काढले. आधी स्वरांची ओळख, मग सोपे अलंकार, मग थोड्या रागांचे आरोह-अवरोह व सरगमी, मग साध्या तालातील लहान गीते, त्यानंतर ख्याल, आणि मग आलाप व ताना, अशी पायरीवार मांडणी त्यांनी केली. प्रत्येक पायरीसाठी छापील पुस्तके तयार केली. ‘संगीत बालप्रकाश’ हे नावच त्यांच्या दृष्टीची साक्ष देते. ते तयार गवयासाठी लिहिलेले पुस्तक नाही, बालकासाठी लिहिलेले आहे. ‘रागप्रवेश’ या पुस्तकमालेच्या नावातही प्रवेश हाच शब्द आहे. ‘संगीतामृत प्रवाह’ या मासिकातून ही विद्या दूरच्या वाचकांपर्यंत नेण्याचा यत्न झाला.

शृंगारिक चीजांच्या जागी त्यांनी सूर, तुलसी, मीरा, कबीर यांची पदे रागांत बांधली. यामागे त्यांची रामभक्ती होती, तशीच व्यवहारदृष्टीही होती. ज्या घरातील मुलीला प्रियकराच्या विरहाची ठुमरी म्हणायला बापाने मनाई केली असती, त्याच घरात मीरेचे पद संध्याकाळी देवापुढे म्हटले जाई. राग तोच, मेहनत तीच. शब्दांनी मात्र घराचे दार उघडले.

दोन लिप्यांची अडचण

एकाच वेळी अनेक मुलांना शिकवायचे, तर प्रत्येकाच्या कानाजवळ गुरू बसू शकत नाही. घरी गेल्यावर मुलाला धडा आठवावा यासाठी काही लेखी आधार हवा. पलुसकरांची स्वरलिपी या गरजेतून आली. एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला अर्धचंद्रासारखी खूण, अशी प्रत्येक स्वराची काळमोजणी तिच्यात स्वराखालीच दिलेली असते. कोमल स्वराला पायमोडीसारखी खूण, मंद्र स्वरावर टिंब आणि तार स्वरावर उभी रेघ. ही लिपी बारकाईची आहे, आणि बारकाईमुळेच नवशिक्याला थोडी जड जाते.

त्याच काळात मुंबईत वकिलीची सनद घेतलेले विष्णु नारायण भातखंडे निराळ्या वाटेने त्याच कामाला लागले होते. पलुसकरांहून बारा वर्षांनी मोठे असलेल्या भातखंड्यांनी देशभर हिंडून घराण्यांच्या चीजा मिळवल्या, त्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या आणि रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले. त्यांची स्वरलिपी अधिक सुटसुटीत होती. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. परिणाम असा झाला की स्वराच्या डोक्यावरील जे टिंब एका पद्धतीत खालचे सप्तक सांगते, तेच दुसरीत वरचे सप्तक सांगू लागले. रेल्वेचा रुंद मार्ग आणि अरुंद मार्ग जेथे भेटतात तेथे प्रवाशाला गाडी बदलावी लागते. या दोन विष्णूंच्या शाळांमधून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यावर अनेक दशके तीच वेळ येत राहिली.

दोघांमधील फरक केवळ खुणांचा नव्हता. भातखंड्यांची चिंता अशी की विद्या नष्ट होत आहे, ती गोळा करून तिला शास्त्र द्यावे. पलुसकरांची चिंता अशी की विद्या आहे, पण ती लोकांपर्यंत पोचत नाही. एकाने ग्रंथालय उभारले, दुसऱ्याने प्राथमिक शाळा काढली. ग्रंथालयाचे मोल विद्वानांना लवकर पटते. प्राथमिक शाळेचे मोल तिच्यातून बाहेर पडून दुसऱ्या गावी शाळा काढणाऱ्यांकडे पाहिल्यावरच कळते.

उपदेशक वर्ग आणि कर्ज

शाळेला सर्वांत मोठी वाण शिक्षकांची होती. मैफल गाजवणारे मिळत. नवशिक्यापुढे रोज तेच सात स्वर न कंटाळता म्हणणारे मिळत नसत. यावर पलुसकरांनी उपदेशक वर्ग हा तोडगा काढला. निवडक मुलांना शाळेने ठेवून घ्यायचे, त्यांच्या राहण्याजेवणाचा व शिक्षणाचा भार उचलायचा, आणि त्यांनी नऊ वर्षे शिकून पुढे शिकवण्याचे व्रत घ्यायचे. जुन्या गुरुकुलाची निष्ठा आणि नव्या शाळेची शिस्त यांची ही सांगड होती. यात शिष्याच्या सेवेचा मोबदला गुरूच्या घराला नव्हे, तर पुढच्या नवशिक्यांना मिळणार होता. अर्थव्यवहाराच्या भाषेत बोलायचे, तर हाती असलेला पैसा त्यांनी माणसांत गुंतवला.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालयाची शाखा निघाली आणि हळूहळू कामाचे केंद्र लाहोरहून मुंबईकडे सरकले. विद्यार्थ्यांची संख्या वाढली. वाद्यांची दुरुस्ती व निर्मिती करणारा कारखाना आणि पुस्तकांसाठी छापखाना विद्यालयाला जोडला गेला. मग स्वतःच्या इमारतीचा संकल्प झाला आणि त्यासाठी कर्ज काढले गेले. येथे हिशेब चुकला. नवशिक्याची फी त्याच्यावर होणाऱ्या खर्चाला कधीच पुरत नाही. तशी ती पुरवायची म्हटली तर गरिबाचा मुलगा पुन्हा दाराबाहेर राहतो. उपदेशक वर्गाची मुले तर फी देणारी नव्हतीच. ही तूट पलुसकर स्वतःच्या गळ्याने भरून काढत होते. दौरे करायचे, मैफली करायच्या, बिदागी आणून शाळेच्या तिजोरीत टाकायची, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. दौऱ्यांचे उत्पन्न मात्र अनिश्चित होते, आणि व्याजाचा दिवस निश्चित होता. अखेरीस प्रकरण न्यायालयात गेले आणि १९२४ च्या सुमारास विद्यालयाच्या वास्तूचा लिलाव झाला.

पलुसकर नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहू लागले. गाण्याची जागा नामस्मरणाने घेतली. घरातही दुःखाची परंपरा होती. अनेक अपत्ये लहानपणीच गेली होती. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा राहिला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, एकोणसाठ वर्षे पूर्ण झाल्यावर तीनच दिवसांनी, मिरजेत त्यांचे देहावसान झाले. ज्या गावी अंधुक दृष्टीच्या मुलाने पहिला सा लावला होता, तेथेच अखेर झाली.

लिलावात न निघालेली मत्ता

इमारतीवर धनकोंचा हक्क होता. उपदेशक वर्गाच्या शिष्यांवर कोणाचा बोजा नव्हता. ओंकारनाथ ठाकुर १९१६ च्या सुमारास लाहोर विद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीतशिक्षणाची घडी त्यांनी बसवली. बा. र. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत आपले संगीत विद्यालय काढले. तेथेच पुढे कर्नाटकातून आलेला एक असामान्य मुलगा शिकला आणि कुमार गंधर्व म्हणून कीर्तीला चढला. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले. तेथे ज्यांना सुराचा गंधही नव्हता अशा आश्रमवासीयांना त्यांनी एकत्र प्रार्थना म्हणायला शिकवली, आणि १९३० च्या दांडी यात्रेत ते चाललेही. पलुसकरांच्या नावाशी जोडली जाणारी रामधून त्या प्रार्थनांतून देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली. ज्याने आयुष्यात कधी तंबोरा पाहिलेला नाही अशा माणसालाही ती म्हणता येते. नवशिक्यासाठी केलेल्या रचनेला याहून मोठे यश ते कोणते?

पित्याच्या निधनसमयी दहा वर्षांचा असलेला दत्तात्रेय याच शिष्यांच्या, विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांच्या हाताखाली तयार झाला. द. वि. पलुसकरांचे स्वच्छ, प्रसन्न गाणे १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी थांबले. पण जेवढे ध्वनिमुद्रित होऊन राहिले आहे, त्यावरून वडिलांनी शिष्यांत केलेली गुंतवणूक त्यांच्या स्वतःच्या घरीही परत आली, असे म्हणता येईल. पलुसकर गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी अहमदाबादेत गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षांना आज देशभरची मुले बसतात.

आक्षेपांचा विचार

या कार्यावर घेतलेले आक्षेप डावलून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की शाळेतून मोठे गवई निपजत नाहीत. वर्गात सर्वांना एकच माप लागते आणि गळ्यागळ्यातील फरक पुसला जातो. हे बव्हंशी खरे आहे. शाळेतून निघून थोर झालेल्यांनाही पुढे एखाद्या गुरूपाशी किंवा स्वतःच्या एकांतात वेगळी साधना करावी लागली. मात्र सर्वांना तानसेन करण्याचा दावा पलुसकरांनी केलाच नव्हता. ऐकणारा जाणता व्हावा, हाही त्यांच्या शाळेचा हेतू होता. मैफलीला जाणकार श्रोता लागतो, आणि असा श्रोता घडवण्याचे काम कोणत्याही घराण्याने आपले मानले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या मुसलमान उस्तादांनी आणि कलावंतिणींनी ही विद्या प्रतिकूल काळात जतन केली, त्यांना या नव्या प्रतिष्ठित शाळांत फारसे स्थान उरले नाही. प्रार्थना, भजने आणि पंडित ही पदवी यांनी काही घरांची दारे उघडली, तशी काही माणसांच्या तोंडावर ती मिटलीही. मध्यमवर्गीय घरातील मुलगी निर्धास्तपणे गाणे शिकू लागली, ही मोठी सामाजिक क्रांती होती. पण जिच्या आजीने त्या चीजा गळ्यात सांभाळल्या होत्या, त्या कलावंतिणीच्या मुलीला त्याच शाळेत मानाने प्रवेश मिळाला असता काय, याचे उत्तर सुखद नाही. पलुसकरांच्या मोठेपणाचा विचार करताना ही बाजूही जमाखर्चात धरली पाहिजे.

तिसरा आक्षेप त्यांच्या वारसांवर आहे. त्यांनी परीक्षा ही पायरी म्हणून कल्पिली. आज पुष्कळ ठिकाणी ती मुक्काम झाली आहे. पाच राग, ठरीव ताना आणि तोंडी प्रश्नांची पाठ केलेली उत्तरे एवढ्यावर वर्ष निघते. पालकांना प्रमाणपत्र हवे असते किंवा दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत मूल दिसायला हवे असते. खाजगी शिक्षकाला भाडे भरायचे असते, आणि विद्यार्थी सोडून गेला तर महिन्याचे गणित कोसळते. अशा स्थितीत मुलाला वर्षभर नुसता षड्ज लावायला सांगण्याचे धैर्य कोणत्या शिक्षकाने दाखवावे? येथे दोष एकट्या शिक्षकाचा नाही. पलुसकरांना ग्रासणारी तीच जुनी तूट आहे. चांगल्या पहिल्या धड्याला वेळ लागतो, वेळेला पैसा लागतो, आणि तो पैसा नवशिक्याच्या फीतून निघत नाही.

पलुसकर ही तूट गळ्याने भरत राहिले, तोवर शाळा चालली. आज ती भरण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरलेले नाही. संगीताच्या नावाने जे सार्वजनिक द्रव्य खर्च होते, त्याचा ओघ बहुधा महोत्सवांकडे, पुरस्कारांकडे आणि सभागृहांकडे वाहतो. तयार कलावंताच्या गळ्यात हार घालणे सोपे असते, आणि त्याचे छायाचित्रही निघते. एखाद्या खेड्यातील शाळेत आठवड्यातून दोन वेळा जाऊन तीस मुलांचा सूर जुळवणाऱ्या शिक्षकाला पोटापुरते वेतन देणे मात्र कोणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही. परिणामी पहिला धडा बहुधा ज्याला परवडतो त्यालाच मिळतो. म्हणजे सेवेच्या जागी रोख पैसा आला, एवढाच फरक; दाराशी थांबलेला मुलगा तेथेच थांबलेला आहे.

विष्णू दिगंबरांचे खरे स्मारक करावयाचे असेल, तर ते या ठिकाणी करावे लागेल. त्यांच्या विद्यालयाची वास्तू हातची गेली, पण शिक्षक राहिले आणि त्यांच्यामुळे विद्या राहिली. इमारत आधी की शिक्षक आधी, या प्रश्नाचा निकाल त्यांच्या आयुष्याने स्वतःच्या खर्चाने दिलेला आहे. तो मानून नगरपालिकांनी, शाळांनी आणि संगीतसभांनी नवशिक्यांच्या शिक्षकाचा खर्च उचलला, तर तसबिरीला घातलेल्या हाराला काही अर्थ राहील.